काळी वायर बॉडीला

माझ्या नवऱ्याचा उजवा हात थरथरतो, हे दोन लाख अकरा हजार माणसांना माहीत आहे. हा आकडा मी रोज सकाळी चहाच्या आधी बघायचे. खाली हसरे चेहरे टाकणाऱ्यांचा आकडा वेगळा असतो, तोही बघायचे. शेजारची म्हणायची, द्रौपदीवहिनी, कशाला बघता, बीपी वाढेल. म्हटलं, वाढू दे. माझा राग थंड होता कामा नये म्हणून तर बघते.

नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणे. मी घेते, आणि उखाण्याशिवाय घेते. दत्ताराम परब. कुडाळकडचे. सतराव्या वर्षी मुंबईत आले ते काकांबरोबर गिरणीत लागायला, तर गिरणीलाच कुलूप. मग घाटकोपरला एका पंजाबी मोटारसायकल मिस्त्रीच्या हाताखाली राहिले, आणि पुढे भटवाडीच्या चढावर स्वतःचं शटर घेतलं. दहा बाय बाराची जागा. चौतीस वर्षं ते शटर सकाळी साडेनऊला वर आणि संध्याकाळी आठला खाली. गणपतीत गावी जायचे तेवढाच खाडा.

सगळ्या गाड्या करायचे, पण जीव एकाच जातीच्या गाडीत. कंपनीचं नाव घेत नाही. दोन सायलेन्सर, टाकीला क्रोम, आणि जी दांडी किकची तीच दांडी गिअरची, एवढं सांगितलं की ज्याला कळायचं त्याला कळतं. या जुन्या गाड्यांत ठिणगी पडते ती दोन चिमुकल्या पत्र्यांच्या उघडझापीतून. त्यांना पॉइंट म्हणतात. दोन पॉइंटांत फट हवी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. जास्त झाली की गाडी खोकते, कमी झाली की तापून बसते. बाकीचे मिस्त्री त्यात मोजायच्या पट्ट्या घालतात. आमचे हे बेस्टच्या जुन्या कागदी तिकिटाची चौघडी करायचे आणि फटीत सरकवायचे. तिकीट अडकता कामा नये आणि आपोआप पडताही कामा नये. झालं की डोळे मिटून किक. एका किकेत गाडी चालू. मुलुंड, ठाणे, पार पनवेलहून लोक यायचे त्या चौघडीसाठी.

तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताला थरथर सुटली. डॉक्टर म्हणाले, वयाची आहे, मोठा आजार नाही. हँडल घट्ट धरलं की थांबेल, बारीक काम करताना सुटेल, आणि कोणी बघत असलं की जास्तच वाढेल. म्हणून हे पॉइंटचं काम दुपारी करायचे, गिऱ्हाईक नसताना. थोडा वेळ जास्त लागायचा. काम तेच, चोख.

आता हर्षद.

हर्षद बोरिवलीचा. चांगली नोकरी होती, हौसेने जुनी गाडी घेतली आणि ती पहिल्याच आठवड्यात बसली. कोणीतरी आमचा पत्ता दिला. त्या दिवसापासून दोन वर्षं दर रविवारी हा माझ्या घरात. काका हे का, काका ते कसं, काका मला एकदा करू द्या ना. ह्यांनी काही हातचं राखलं नाही. माणसाने विचारलं की सांगायचं, हा ह्यांचा स्वभाव. मी घावणे घालायचे, काळ्या वाटाण्याचं सांबार करायचे, आणि हा मेला सात-सात घावणे हाणायचा. काकू, तुमच्या हाताला चव आहे हो! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात, हे लहानपणी ऐकलं होतं. मोजताना जेवणाची तारीफही करतात, हे तेव्हा कळलं.

मग त्याने नोकरी सोडली आणि बोरिवलीला काचेचं गॅरेज काढलं. आत एसी, बाहेर पाटी, आणि मोबाइलवर स्वतःचं चॅनेल. एक दिवस आला आणि म्हणाला, "काका, तुमच्यावर व्हिडिओ करतो. जगाला कळू दे दत्ताराम परब कोण आहेत ते."

मी शर्टाला इस्त्री केली. माझ्या हाताने केली, हे विसरत नाही मी.

दिवे लावले, दोन मोबाइल लावले, आणि ह्यांना पॉइंट लावायला सांगितलं. एवढी माणसं बघतायत म्हटल्यावर हात जो सुटला, तो थांबेचना. तिकीट तीनदा खाली पडलं. हर्षद म्हणाला, "सावकाश काका, टेन्शन घेऊ नका. तेवढं मी कापून टाकतो."

कापून टाकतो म्हणाला होता. बाकीचं सगळं कापलं आणि तेवढंच ठेवलं.

थरथरणाऱ्या हाताला त्याने ढोलकीचा ताल लावला. हात हलला की ढोलकी, तिकीट पडलं की झांज. वर मोठ्या अक्षरांत, 'या हातांत गाडी द्याल?' आणि मग स्वतः हसतमुखाने, "मित्रांनो, भावनेला किंमत आहे, पण गाडी भावनेवर चालत नाही. पॉइंट विसरा." असं म्हणून पुढे केली एक काळी डबी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंट नाहीत, फट नाही, मिस्त्री नाही. बोरिवलीत मिळेल.

गरज सरो, वैद्य मरो. ठीक आहे, जग असंच आहे. पण वैद्याला मारून वर ढोलकी?

महिन्याभरात गिऱ्हाईक तुटलं. त्याचं मला एवढं नाही. मुलुंडचे अण्णा, शाळेत मराठी शिकवायचे, बावीस वर्षं स्वतःच्या गाडीला ह्यांच्याशिवाय कोणाला बोट लावू दिलं नाही. तेही एका दुपारी आले, "परब, जरा गाडी घेऊन जातो" म्हणाले, आणि गाडी बोरिवलीला गेली. ह्यांनी चावी दिली, गाडी पुसून दिली आणि शटर खाली ओढलं. ते खालीच राहिलं.

घरात बसले की उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसायचे. कोणी आलं की खिशात. पुढे पुढे कोणी नसतानाही खिशात. लग्नाला छत्तीस वर्षं झालेली, आणि हा माणूस माझ्यापासून हात लपवायला लागला. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती पुन्हा उतरली नाही. मी देवासमोर बोलले, मोठ्याने बोलले, ह्यांनाही ऐकू गेलं असेल: हर्षद, ज्या कॅमेऱ्यासमोर ह्यांचा हात उघडा पाडलास, त्याच कॅमेऱ्यासमोर तुझी फजिती करीन, आणि ते शटर पुन्हा वर करवीन. नाही केलं तर नावाची द्रौपदी नाही.

आता मी कोण, तर नुसती घावणे घालणारी नाही. अंधेरीला सीप्झमधल्या एका कारखान्यात चोवीस वर्षं मी सोल्डरिंग केलंय. भिंगाखाली, मुंगीच्या पायाएवढे टाके. आमच्या ओळीतला माल परदेशातून कधी परत आला नाही. कंपनी बंद पडली म्हणून घरी बसले, हात काही घरी बसले नाहीत. इमारतीतले मिक्सर, इस्त्र्या, गणपतीच्या माळा, सगळं माझ्याकडेच येतं.

म्हटलं, बघू तरी काय आहे त्या डबीत. मुलुंडच्या नणंदेच्या, रत्नप्रभाच्या नावाने मागवली. तिला म्हटलं, हूं की चूं करू नकोस. डबी आली, बरोबर एक मेणचट कागद. त्यावर चित्र आणि खाली हर्षदचं मराठी: 'लाल वायर स्विचला, काळी वायर बॉडीला. झालं! पंधरा मिनिटांत.'

ह्यांच्या स्वतःच्या गाडीला, शटरच्या आत झाकून ठेवलेल्या गाडीला, मी ती डबी लावणार म्हटल्यावर घरात जे झालं ते विचारू नका.

"पॉइंट काढतंस?" हे ओरडले. शटर पडल्यापासूनच्या सात महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढला. "माझ्या गाडयेक त्या मेल्याची डबी? म्हणजे तो म्हणता ताच खरा?"

"अहो, खरं-खोटं काय त्यात? सीप्झमध्ये असल्या पन्नास डब्या मी दिवसाला बांधायचे. डबी कोणाच्या बापाची नसते. काठी त्याची असेना का, डोकं पण त्याचंच फोडायचंय."

"माझो हात चलत नाय गो."

"माझा चालतो. तुम्ही नुसतं सांगा, मी लावते."

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर उठले, चावी घेतली आणि चप्पल घातली. मी मागोमाग.

शटर अर्धंच वर केलं, खालून वाकून आत गेलो. ह्यांनी गाडीवरची चादर काढली आणि स्टुलावर बसले. मी खाली बसकण मारली. बाजूचं झाकण काढलं, पॉइंटची पाटी सोडवली. "तो बारको स्क्रू पडात, वाटी घे खाली," हे म्हणाले. बरं झालं वाटी घेतली, पडलाच. पॉइंटच्या जागी डबीबरोबर आलेली नवी पाटी बसवली, त्यावर सेन्सर, आणि फिरणाऱ्या टोकाला लोहचुंबकाची चकती. चकती समोरून गेली की सेन्सरला कळणार, डबी ठिणगी पाडणार. घासणारं काहीच नाही, म्हणून झिजणारंही नाही. लाल वायर स्विचला लावली. काळी वायर बॉडीच्या स्क्रूला टेकवणार, तेवढ्यात हे स्टुलावरून जवळजवळ उडी मारूनच आले आणि माझं मनगट धरलं. उजव्या हाताने धरलं.

"थांब! प्लस बॉडीक आसा."

मी बॅटरी उघडून बघितली, तर खरंच. आजकालच्या सगळ्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो. आमच्या ह्या म्हाताऱ्या गाडीत उलटं. प्लस बॉडीला. आणि गंमत अशी की ती जोडणारी वायरसुद्धा काळीच. म्हणजे गाडीची काळी वायर बॉडीला जाते, डबीचीही काळी वायर बॉडीला जायची, कागदावरही तेच लिहिलंय. तिन्ही खरं. पण डबीची काळी म्हणजे मायनस आणि गाडीची काळी म्हणजे प्लस. दोन्ही एकाच स्क्रूला लावा, स्विच फिरवा, की डबीचा कोळसा.

"मग त्या हर्षदने हे कागदावर कसं नाही लिहिलं?"

"तो आधी सगळी वायरिंग उपटून नवी घालता. जुनी वायरिंग त्याका म्हायतच नाय. त्या धड्याक तो येवकच नाय, त्या रविवारी लगीन होता त्याच्या भावाचा."

मी जे हसले! सात महिन्यांत हसले नव्हते तेवढी हसले.

मग आम्ही बॅटरी फिरवून लावली, मायनस बॉडीला. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला नवी दिशा समजवावी लागते. त्यासाठी एक वायर क्षणभर टेकवून उचलायची, ती कुठे आणि किती, हे ह्यांनी सांगितलं. टायमिंगसाठी प्लग काढून भोकातून सायकलची तार सोडली. पिस्टन वर येताना तार वर येते, टोकाला पोहोचायच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी. "थोडा मागे. आजून. हां, बस." मी स्क्रू आवळला. ह्यांनी किक मारली. एक. काही नाही. दुसरी. धुराचा लोट आणि तो आवाज! शटरचा पत्रा हलायला लागला.

हे कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "टायमिंग बरा आसा."

एवढंच. पण गाडी बंद करून चादर पुन्हा घातली आणि शटरही पुन्हा खाली. मी म्हटलं, अहो, आता तर हातच लागत नाही, उघडा ना. म्हणाले, "लोकांका काय सांगू? त्याचीच डबी लावलंय म्हणान?" आणि हात खिशात.

म्हणजे माझं अर्धंच काम झालं होतं. डबी कळली होती. डोकं फोडायचं राहिलं होतं.

ती संधी हर्षदनेच दिली. पुढच्या आठवड्यात त्याच्या चॅनेलवर जाहिरात: येत्या रविवारी सकाळी मनोरीला जुन्या गाड्यांचा मेळावा, आणि तिथे सगळ्यांसमोर लाइव्ह, एकोणीसशे एकाहत्तरच्या अस्सल गाडीला पंधरा मिनिटांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन. 'एकही वायर न बदलता!' मागे फोटो. मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. अण्णांची गाडी.

अण्णांची गाडी म्हणजे ह्यांनी बावीस वर्षं जशीच्या तशी राखलेली. एक स्क्रू परका नाही. प्लस बॉडीला.

मी मोबाइल उलटा ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. एक फोन केला असता तर हर्षद वाचला असता. एक ओळ लिहिली असती तरी पुरे होतं. मी तांदूळ निवडले, धुतले, कुकर लावला, आणि गप्प बसले. पाप म्हणा हवं तर. माझा नवरा तीन वेळा तिकीट उचलत होता तेव्हा तो ढोलकी शोधत होता ना? मग मी तांदूळ निवडते.

भीती एकच होती, ह्यांची. ह्यांना कळलं असतं तर हा देवमाणूस स्वतः फोन करून सांगून मोकळा झाला असता, वैरी असो की कोणी असो. म्हणून मी मेळाव्याचा 'म'ही काढला नाही. रविवारी सकाळी म्हटलं, मनोरीला जाऊया, ताजं म्हावरं घेऊ, आणि आपली गाडीच काढा, लांब चालवून बघायला नको का? वाटलं होतं नाही म्हणतील. एका शब्दात तयार झाले.

घाटकोपरहून पवई, जोगेश्वरी, मालाड करत मार्व्याला पोहोचलो. गाडीने एकदाही खोकला काढला नाही. बोटीत गाडी चढवली, पलीकडे उतरवली. जेट्टीपासून थोडं पुढे माडांखाली मोकळी जागा, तिथे तीस-चाळीस गाड्या उभ्या. हे थांबले. मला वाटलं आता रागावतील. पण त्यांनी गाडी एका माडाखाली लावली, आणि आम्ही मागे उभे राहिलो.

हर्षद मध्ये. लाल टी-शर्ट, समोर स्टँडवर मोबाइल, बाजूला खुर्चीत अण्णा. "मित्रांनो, चौदा हजार लोक लाइव्ह बघतायत!" बोलता बोलता त्याने पॉइंट काढले, नवी पाटी लावली, डबी बसवली. हात सफाईने चालत होते, खोटं का सांगू. ह्यांनीच शिकवलेली सफाई. "लाल वायर स्विचला. काळी वायर बॉडीला. झालं!" आणि त्याने चावी फिरवली.

आधी वास आला. जळक्या राळेचा तो वास मी चोवीस वर्षं ओळखते. कोणाला काही कळायच्या आत डबी फुगली, पिवळट धुराची रेघ वर गेली आणि फट्‌ आवाज झाला. हर्षद मागे सरकला तो स्टुलावरून मातीत बसला.

"मित्रांनो, छोटासा... एक छोटासा..."

अण्णा खुर्चीतून उठले. शिक्षक तो शिक्षकच. "अरे हर्षद, तू वायरला अर्थ कुठे दिलास? हा तर अर्थाचा अनर्थ झाला की रे!" लोक हसले. आणि अण्णांना मागे उभे असलेले हे दिसले. चेहरा पडला त्यांचा. मग सावकाश म्हणाले, "परब... बघता का हो जरा?"

सगळे मागे वळले. मोबाइल चालूच होता. ह्यांचा हात खिशात होता. मी मनात म्हटलं, देवा, आता नाही तर कधीच नाही.

हे पुढे गेले. गाडीजवळ बसले. खिशातून हात काढला आणि बॅटरीकडे नेला. थरथरत होता, चांगलाच थरथरत होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कोणी हसलं नाही.

"अण्णा, घाबरू नका, गाडीला काही झालं नाही. फ्यूज उडाला आणि डबी जळली. तुमच्या गाडीत प्लस बॉडीला आहे. डबीचा मायनस त्याच स्क्रूला लावला, म्हणून ती गेली."

"पण काका," हर्षद मातीतूनच बोलला, "काका, तुम्हीच तर—" आणि मोबाइलकडे बघून एकदम गप्प झाला.

चोराच्या उलट्या बोंबा! आता हेसुद्धा ह्यांच्यावर ढकलणार? माझा संयम तिथे संपला. मी माणसं बाजूला सारली, पुढे गेले आणि हर्षदचं मनगट धरलं. उचललं आणि मोबाइलसमोर नेलं. पान हलावं तसा हलत होता तो हात.

"बघा हो, चौदा हजार लोकांनो! या हातांत गाडी द्याल?"

"काकू, काकू प्लीज—"

"काकू नाही म्हणायचं. माझ्या घरचे घावणे खाऊन माझ्याच नवऱ्याच्या हाताला ढोलकी लावलीस ना रे मेल्या? आता लाव. ह्यांचा हात वयाने थरथरतो, तुझा भीतीने थरथरतोय. आणि हे लाइव्ह आहे ना? मग कापता येणार नाही. बघू दे लोकांना."

त्याने हात ओढायचा प्रयत्न केला. सोल्डरिंग करणारीची पकड आहे ही, सहज सुटत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सोडला. खरं सांगते, मला आनंद झाला. अशा वेळी म्हणे वाईट वाटायला हवं, क्षमा करावीशी वाटायला हवी. तसं काही वाटलं नाही. सात महिने घशात अडकलेला काटा निघाला, इतकं बरं वाटलं.

हर्षदने मोबाइल बंद केला, पिशवीत सामान कोंबलं आणि कोणाकडे न बघता निघून गेला. ह्यांनी अण्णांच्या गाडीला पॉइंट परत बसवून दिले. धरायला मी होते. अण्णांनी विचारलं, "परब, उद्या गाडी घेऊन येऊ? उघडताय का?" हे म्हणाले, "दहाला या." अजून चार-पाच जणांनी आमचा पत्ता लिहून घेतला. मी तो नीट सांगितला, शटरसमोरच्या पिंपळाच्या खुणेसकट.

परतीच्या बोटीत आम्ही गाडीला टेकून उभे होतो. जेट्टीवर घेतलेल्या मासळीची पिशवी हँडलला. माझा आनंद उतरला नव्हता, पण मनात एक टोचणी होती. छत्तीस वर्षांत ह्यांच्यापासून मी एवढं मोठं काही लपवलं नव्हतं. म्हटलं, सांगून टाकू.

"अहो, एक सांगू? रागावू नका. मला माहीत होतं. अण्णांची गाडी आहे, डबी जळणार, सगळं माहीत होतं. मुद्दाम गप्प बसले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला सावध केलं असतंत."

हे खाडीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "त्याचो फोन इल्लो."

"कोणाचा?"

"हर्षदाचो. शुक्रवारी. तू देवळात गेल्लंस."

"काय म्हणाला?"

"म्हणालो, काका, राग सोडा, एकच सांगा. अण्णांच्या गाडीत काळी वायर बॉडीलाच जाते ना?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"होय म्हटलंय. बॉडीकच जाता. खोटा खंय सांगलंय?"

"आणि प्लसचं?"

"तां त्याने इचारूक नाय."

ज्याने विचारलं त्याला सगळं सांगणारा हा माणूस. ज्याच्यापासून मी तीन दिवस मोबाइल लपवत होते, तो देवमाणूस.

"अहो, आणि अण्णांची गाडी जळली असती तर?"

"फ्यूज माझ्या हातचो आसा त्या गाडयेत. डबी जातली, गाडीक काय होवचा नाय, ह्या माका म्हायत होता."

बोट जेट्टीला लागत होती. लोक गाड्या सरळ करायला लागले. कधी नव्हे ते मला ह्यांची थोडी भीतीही वाटली.

"तुम्ही?" मी एवढंच म्हटलं. "तुम्ही असं केलंत?"

ह्यांनी उजवा हात हँडलवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हात थरथरता गो माझो," हे म्हणाले. "जीभ नाय."